विद्यापीठ, मु. पो. पिंपळगाव बसवंत

नाशिक जिल्ह्यात पिंपळगावे किती, हे ट्रान्सपोर्टवाल्याला विचारू नये. इगतपुरीकडे पिंपळगाव मोर आहे, नाशिकला खेटून पिंपळगाव बहुला आहे, आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, कांदा-टोमॅटो-द्राक्षांचे आमचे पिंपळगाव बसवंत. एका वर्षी मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांचे गठ्ठे एका ट्रान्सपोर्टवाल्याने भलत्याच पिंपळगावात उतरवून दिले. तिथल्या एका किराणा दुकानाच्या ओट्यावर ते तीन दिवस पडून होते. दुकानदार भला माणूस. त्याने वर ताडपत्री टाकली होती आणि एका गठ्ठ्याची सुतळी सोडून वरचे पुस्तक वाचायला घेतले होते. मी आणि आमचे केंद्रसहायक, टोमॅटो उतरवून रिकाम्या निघालेल्या पिकअपमध्ये बसून ते गठ्ठे आणायला गेलो. कागद फाटलेले, म्हणून पुस्तके क्रेटमध्ये रचली. रविवारी वाटप केले तर प्रत्येक पुस्तकाला टोमॅटोच्या पाल्याचा वास. एक विद्यार्थिनी पुस्तक नाकाशी धरून म्हणाली, "सर, विद्यापीठ क्रेटमधून आलं."

या स्मरणिकेसाठी मुक्त विद्यापीठाच्या आमच्या गावातल्या अभ्यासकेंद्राचा इतिहास लिहा, असा निरोप आला तेव्हा मला पहिल्यांदा ते क्रेट आठवले. संस्थांचे इतिहास भूमिपूजनापासून सुरू होतात. कोणी जागा दिली, कोणी पहिली वीट ठेवली, कोणत्या मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, मग फोटो. आमच्याकडे यातले काहीच नाही. वीट नाही, कोनशिला नाही. एक लोखंडी कपाट आहे, त्याच्या दोन किल्ल्या आहेत, त्यातली एक हरवलेली आहे. रविवारी दुसऱ्यांच्या वर्गात बसायचे आणि संध्याकाळी फळा पुसून निघायचे, असे हे केंद्र. त्यामुळे इतिहास सांगायचा तर तो इमारतीवरून सांगता येत नाही. तो एका माणसावरून सांगावा लागतो, आणि अडचण अशी, की त्या माणसाला मी आयुष्यात एकदाही भेटलो नाही.

डॉ. राम ताकवले. आम्ही सगळे 'ताकवले सर' म्हणतो, जणू कालच त्यांच्या तासाला बसलो होतो.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती एका पुस्तकाच्या पाठीवर. मी नाशिकला बी.एस्सी. करत होतो, पदार्थविज्ञान घेऊन. शाळेत मराठीतून 'बल' आणि 'संवेग' शिकलेला मुलगा एकदम इंग्रजीच्या विहिरीत पडला होता. मेकॅनिक्सला एक पुस्तक सगळे वापरायचे, ताकवले आणि पुराणिक यांचे, टाटा मॅक्ग्रॉ-हिलचे 'इंट्रोडक्शन टू क्लासिकल मेकॅनिक्स'. देशभरातल्या मुलांनी ते पुस्तक झिजवले आहे. मला तेव्हा त्यात एकच अप्रूप होते, ते म्हणजे लेखकांची नावे. इतकी अवघड गोष्ट लिहिणारी माणसे गोऱ्यांच्या देशातली नसून 'ताकवले' आणि 'पुराणिक' अशी आपल्या आळीत शोभतील अशा नावांची होती. खाकी कव्हर घालून, पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहीत मी ते वाचले.

त्या विषयात बंधनांचे एक प्रकरण असते. मोकळा कण तीन दिशांनी हलू शकतो, म्हणजे त्याला तीन 'डिग्री ऑफ फ्रीडम'. तोच मणी करून तारेत ओवला, की तारेच्या वाटेनेच पुढे-मागे जायचे, एकच डिग्री उरली. बंधन वाढले की डिग्री कमी. पुढे आयुष्यभर मुलांना हे शिकवताना मला हसू यायचे, कारण ज्यांच्या पुस्तकातून मी हे शिकलो त्यांनीच नंतर असे विद्यापीठ काढले, की ज्यात बंधने काढून टाकली आणि डिग्री वाढल्या. हा विनोद मी वर्गात अनेकदा केला आहे. चांगल्या मुलांना तो पहिल्यांदाच कळायचा, बाकीच्यांना मी समजावून सांगायचो, आणि समजावलेला विनोद जसा होतो तसा तो व्हायचा.

दुसरी गाठ पदवीच्या प्रमाणपत्रावर. नाशिकची कॉलेजे तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली. ताकवले सर १९७८ ते १९८४ या काळात पुण्याचे कुलगुरू होते. माझी पदवी १९८२ ची, तेव्हा प्रमाणपत्रावर सही त्यांचीच. घरी चौकटीत लावलेली ती सही आईने कैक वर्षे फडक्याने पुसली. ती विचारायची, हे कोण? मी सांगायचो, माझ्या पुस्तकाचे लेखक. तिला वाटायचे, पुस्तक विकत घेतले म्हणून त्यांनी सही दिली.

आता मुद्द्याचे. मुक्त विद्यापीठ नाशिकला आले त्याच्या आधी आमच्या भागात शिकायचे राहून गेलेल्या माणसाने काय करायचे? माझ्या थोरल्या भावाचे सांगतो, म्हणजे सगळ्यांचे सांगून होईल. तो जुन्या अकरावीपर्यंत शिकला. वडिलांची कंबर धरली तसा बागेत गेला. चार-पाच वर्षांनी उचल खाल्ली आणि बहिःस्थ म्हणून आर्ट्सचा फॉर्म भरला. बहिःस्थ या शब्दात सगळे आले. बाहेर राहणारा. विद्यापीठ फॉर्म घ्यायचे, फी घ्यायचे, अभ्यासक्रमाची यादी द्यायचे आणि मग थेट परीक्षेला भेटायचे. मधले सगळे ज्याचे त्याने बघायचे. भावाने नाशिकच्या दुकानातून गाईड आणले. गाईडमध्ये उत्तरे होती, पण प्रश्न का पडला हे सांगणारे कोणी नव्हते. तो तीनदा बसला, तीनदा इंग्रजीत गेला आणि चौथ्या वर्षी त्याने गाईडची पाने द्राक्षाच्या पेटीत घालून टाकली. तो हुशार होता. आजही बागेचा हिशेब तोंडी करतो, डाऊनी रोगाचा ढग आभाळात यायच्या आधी ओळखतो. त्याचे कुठे काय चुकले, हे मला फार उशिरा कळले. त्याला शिकवणारे कोणी नव्हते आणि तरी त्याची परीक्षा घेतली जात होती.

पोस्टाने धडे पाठवायची कल्पना देशात नवी नव्हती. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच पत्रद्वारा शिक्षण सुरू केले होते. इंग्लंडमध्ये १९६९ ला ओपन युनिव्हर्सिटी निघाली आणि तिने ठरवले, की दाराशी प्रमाणपत्र मागायचे नाही, शिकवून झाल्यावर बघू. आपल्याकडे १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ झाले, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू. आणि १ जुलै १९८९ ला, विधिमंडळाच्या कायद्याने, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मुख्यालय नाशिकला, गंगापूर धरणाजवळ. जागेचे नाव 'ज्ञानगंगोत्री', ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. गोदावरीच्या वरच्या अंगाला बसलेल्या विद्यापीठाला ते शोभते, हे मान्य. पण आमच्याकडे गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, कालव्याला आवर्तन सुटले तरी पाणी टेलपर्यंत पोहोचते का, हाच प्रश्न असतो. ब्रीदवाक्याची परीक्षा टेलवरच होते.

यशवंतरावांचे नाव देण्यात नाशिकचा एक जुना धागा आहे. १९६२ च्या चीनच्या युद्धात त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले आणि १९६३ मध्ये नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले. आमच्या शेजारच्या ओझरला मिग विमानांचा कारखाना आला तो त्याच काळातला. पुढे त्याच कारखान्यातले कितीतरी कामगार, आयटीआय करून लागलेले, आमच्या केंद्रावर बी.ए., बी.कॉम.ला येऊन बसले. शिफ्ट सुटली की थेट, डब्यासकट.

या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ताकवले सर. पुण्यासारख्या मोठ्या विद्यापीठाचे कुलगुरुपद भोगलेला माणूस पाच वर्षांनी कोऱ्या कागदावरच्या विद्यापीठाचा कुलगुरू व्हायला येतो, याचे मला अजूनही नवल वाटते. तिकडे चाळीस वर्षांच्या रीती होत्या, कॉलेजे होती, प्राध्यापक होते. इकडे काहीच नव्हते, शब्दसुद्धा नव्हते. ते करावे लागले, आणि आमच्यासारख्यांना ते पाठ करावे लागले. 'अभ्यासक्रम' म्हणायचे नाही, 'शिक्षणक्रम' म्हणायचे. रविवारचा तास म्हणजे 'संपर्कसत्र'. घरी लिहून आणायचा तो 'स्वाध्याय'. आणि शिकवणारा म्हणजे शिक्षक नव्हे, 'संमंत्रक'.

या शेवटच्या शब्दाने आमच्या गावात फार गंमत केली. मी संमंत्रक झालो असे घरी सांगितले तर आईला वाटले, राज्यमंत्र्याच्या खालचे काहीतरी. मार्केट यार्डातला एक मापारी मला बरीच वर्षे "काय मंत्रीसाहेब" म्हणत असे. पण शब्दामागचा विचार मला पहिल्याच प्रशिक्षणात पटला. तुम्ही धडा शिकवायचा नाही, धडा पुस्तकाने शिकवलेला आहे. तुम्ही बसून विचारायचे, कुठे अडले? शाळेत वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभा राहून बोलायची सवय झालेल्या माणसाला गप्प बसून 'कुठे अडले' विचारणे किती जड जाते, ते शिक्षक असेल त्यालाच कळेल. पहिले काही महिने मी तरीही भाषण देत होतो.

पुस्तकांबद्दल सांगितले पाहिजे, कारण या संस्थेचे खरे वर्ग ती पुस्तके आहेत. मी शिकलो त्या पुस्तकात लेखक स्वतःशी बोलत असे आणि आपण दाराआडून ऐकायचे. मुक्तच्या पुस्तकात सुरुवातीलाच उद्दिष्टे. हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला काय काय करता येईल, याची यादी. मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन. मध्येच थांबवून प्रश्न, आणि उत्तरे घटकाच्या शेवटी. सारांश. स्वाध्याय. आतल्या पानावर लेखकाचे नाव असायचे तसे 'अनुदेशन तंत्र संपादन' करणाऱ्याचेही. म्हणजे विषय जाणणारा एक आणि तो विषय एकट्या बसलेल्या माणसाला कसा कळेल हे जाणणारा दुसरा. माझ्या मेकॅनिक्सच्या पुस्तकाला असा दुसरा माणूस मिळाला असता तर माझी दोन वर्षे वाचली असती, असे मी एकदा गमतीने म्हणालो होतो. सगळी पुस्तके चांगली होती असे नाही. काही इतकी रुक्ष, की स्वाध्यायाचे प्रश्न कळायला वेगळा स्वाध्याय लागावा. पण 'तुम्ही' म्हणून बोलणारे मराठी पाठ्यपुस्तक मी तोवर पाहिले नव्हते.

आता ज्या विद्यार्थिनीने टोमॅटोचा वास घेतला, तिच्याकडे येतो. तिचे नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. शिरवाडे वणीहून यायची. शिरवाडे म्हणजे कुसुमाग्रजांच्या घराण्याचे गाव, आणि कुसुमाग्रजांची स्वतःची पहिली अक्षरे गिरवली गेली ती आमच्या पिंपळगावात. तेव्हा त्या बाजूने येणाऱ्या माणसाकडे आमचे मराठीचे शिक्षक उगाच आशेने बघतात. मी मराठीचा नाही, तरी बघतो. ही बाई तेव्हा सदतीस-अडतीसची. सातवी झाल्यावर लग्न. मुलगा बारावीला. पहिल्या रविवारी ती वर्गात न येता दाराच्या बाहेर चपला काढून उभी राहिली. आत पाचवीच्या मुलांचे बाक, कमरेला टेबल रुतणारे. त्यात मार्केटचे दोन मापारी, एक एसटीचा कंडक्टर, ओझरचे तिघे कामगार, एक हवालदार गुडघे वाकडे करून बसलेले. ती म्हणाली, "मला बारावीचा दाखला न्हाई." मी म्हटले, "नको आहे." ती म्हणाली, "दहावीचापन न्हाई." म्हटले, "तोही नको." ती जरा वेळ उभीच राहिली. मग म्हणाली, "मंग काय पाहिजे?"

तेव्हा अट एवढीच होती: वय अठराच्या पुढे पाहिजे आणि लिहिता-वाचता आले पाहिजे. 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम याच माणसांसाठी केलेला. शाळेच्या दाखल्याशिवाय आलेल्याने तो करायचा, त्याची परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झाले की थेट बी.ए. वा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात. ताकवले सरांनी आणि त्यांच्या बरोबरच्या माणसांनी या विद्यापीठात जे जे केले त्यात मला हे सगळ्यात धाडसाचे वाटते. शिकवण्यासाठी नंतर आलेल्या संगणकापेक्षा, उपग्रहापेक्षाही. कारण मध्ये उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या शाळेला वळसा घालायचा, म्हणजे शाळेवर पोट असलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांचा राग ओढवून घ्यायचा. आमच्या स्टाफरूममध्ये 'सातवीवरून बी.ए.' हा कितीतरी वर्षे थट्टेचा विषय होता. मीही त्यात हसलो आहे, हे इथे लिहून ठेवतो.

तिची पुस्तके मी पाहिली आहेत. तिला कामाचा खाडा परवडायचा नाही. कांदा चाळीत घालताना, शेडमध्ये द्राक्षाची पॅकिंग करताना, दुपारच्या भाकरीनंतर जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात ती वाचायची. खूण म्हणून कांद्याची वाळलेली पात घातलेली. समासात पेन्सिलीने दोनच शब्द, जागोजाग: 'रविवारी विचारायचे'. अक्षर सुरुवातीला सातवीतल्या मुलीचे, गोल गोल. पुढच्या पुस्तकांत ते लहान झाले, झुकले, घाईचे झाले. मी तिचे पेपर तपासले नाहीत, ते आमच्या हातात नव्हते. पण अक्षरावरूनच मला कळत होते. रविवारी ती वही उघडायची आणि खुणेच्या पानांवरून एकेक प्रश्न विचारायची, टिक करायची. एकदा म्हणाली, "सर, हा प्रश्न वाचला की उत्तर कळलं, तरी विचारते. लिहिलाय म्हणून."

केंद्राचे वेळापत्रक विद्यापीठाचे असले तरी हजेरी बागांच्या हिशेबाने चालायची. ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू झाली की वर्ग अर्धा. नोव्हेंबरात आभाळ आले की पुरुष जवळजवळ नाहीतच, सगळे फवारणीला. आले तरी बोटे मोरचुदाने निळी झालेली, बोर्डो मिश्रणाची, आणि हजेरीपत्रकावर निळे ठसे. जानेवारी ते मार्च माल उतरवायचा. एप्रिलात खरडछाटणी. त्यातून जरा श्वास घेतला की मे-जूनच्या परीक्षा. विद्यापीठाने परीक्षा उन्हाळ्यात ठेवल्या त्या काही आमच्या द्राक्षांकडे बघून नव्हे, पण आमच्या गावाला ते सोयीचे पडले.

शेतीच्या शिक्षणक्रमांनी मात्र खरोखरच शेताकडे बघितले. फळबाग उत्पादनाची पदविका, भाजीपाला उत्पादनाची पदविका, पुढे उद्यानविद्येची पदवी. आमच्याकडच्या बागायतदारांना माहिती कमी होती असे कधीच नव्हते. जीएचे किती पीपीएम, डिपिंग कितव्या दिवशी, हे इथे पोरेही सांगतात. पण ते सगळे औषधाच्या दुकानदाराने सांगितलेले. पदविका केलेल्या एका शेतकऱ्याने मला एकदा सांगितले, की आता फरक एवढाच पडला, की दुकानदाराला 'का' म्हणून विचारता येते. दुकानदाराला ते आवडले नाही.

"पण सर, मुक्तची डिग्री चालते का?" हा प्रश्न ऐकल्याशिवाय एकही प्रवेशाचा हंगाम गेला नाही. लग्नाच्या बायोडेटात 'बी.ए. (मुक्त)' असे कंसात लिहायची पद्धत पडली होती, जणू थोडे कमी वजनाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मे २००४ ला पत्रक काढून सांगितले, की मुक्त विद्यापीठांच्या पदव्या इतर विद्यापीठांच्या पदव्यांच्या बरोबरीने मानाव्यात. त्या पत्रकाची झेरॉक्स आमच्या कपाटात प्लास्टिकच्या कव्हरमध्ये असे. बढतीला निघालेला हवालदार, मुलीचा बाप, ग्रामपंचायतीचा कारकून, जो विचारील त्याच्या हातात ठेवायची. घड्या पडून पडून ती चार तुकड्यांत फाटली तेव्हा आम्ही झेरॉक्सची झेरॉक्स काढली. तीही फाटली. अलीकडे कोणी फारसे विचारत नाही. पत्रकामुळे असेल, किंवा आता प्रत्येक घरात एक तरी 'मुक्त' आहे म्हणून असेल.

सगळे गोड लिहिले तर स्मरणिकेला शोभेल, पण खरे होणार नाही. दहा जणांनी प्रवेश घेतला तर दहाही शेवटपर्यंत पोहोचत नसत. पहिल्या संपर्कसत्राला खच्चून गर्दी, चौथ्याला सात माणसे. स्वाध्याय एकाचा लिहिलेला आणि सहा जणांनी उतरवलेला, एका चुकीसकट. बायका जास्त टिकल्या, हे माझे निरीक्षण आहे, आकडे नाहीत. पुरुष नोकरीतल्या बढतीसाठी यायचे आणि बढतीची आशा मावळली की यायचे थांबायचे. बायकांना बढती मिळायची नव्हतीच, त्यामुळे त्यांना थांबायला कारण नव्हते. भावाला मी पुन्हा बस म्हणून किती सांगितले. आता मात्र शिकवणारे कोणी आहे, म्हटले. त्याने फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "आता पोरगं बसंल." त्याचा मुलगा रीतसर कॉलेजात गेला. भाऊ तसाच राहिला. ही केंद्राच्या हिशेबात कुठे न दिसणारी नोंद आहे.

ताकवले सर इकडे १९९५ पर्यंत होते. मग इग्नूचे कुलगुरू होऊन दिल्लीला गेले, १९९८ पर्यंत. परत आल्यावरही त्यांनी खुर्चीतून उठून आरामखुर्चीत बसणे केले नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, एमकेसीएल, उभी राहिली त्यामागे त्यांचे मार्गदर्शन होते. तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची पाटी आमच्या बाजारपेठेत लागली तेव्हा खाली साडीचे दुकान आणि वर संगणकाचे केंद्र, असा जिना होता. कमी शिकलेली, इंग्रजीला भिणारी पोरे-पोरी मराठीतून माऊस धरायला शिकली ती तिथे. हेही पुन्हा तेच होते. शिकणाऱ्याला यायला लावायचे नाही, आपण त्याच्या गल्लीत जायचे. एका माणसाने तीन-तीन विद्यापीठांचे कुलगुरुपद करावे आणि पुन्हा साडीच्या दुकानावरच्या मजल्यासाठी वेळ काढावा, हे मी मुलांना सांगायचो तर मुले विचारायची, सर, ते तुमचे मित्र आहेत का?

२०२३ च्या मे महिन्यात, नव्वदीच्या घरात, सर गेले. पेपरात बातमी आली. मी निवृत्त होऊन काही वर्षे झालेली, पण रविवारी केंद्रावर चक्कर मारायची सवय मोडली नव्हती. परीक्षेचे दिवस जवळ आलेले. केंद्रसहायक म्हणाले, चहा मागवतो, दोन मिनिटे उभे राहू. फोटो नव्हता. मोबाईलवरून काढून आणू, असे ठरले आणि झेरॉक्सवाला जेवायला गेलेला निघाला. मग आम्ही आठ-नऊ जण नुसतेच उभे राहिलो. पोरे विशी-पंचविशीतली, पुस्तके मोबाईलवर पीडीएफमध्ये वाचणारी. त्यांना नाव ओळखीचे नव्हते, आणि का असावे?

योगायोगाने शिरवाड्याची ती बाई आलेली होती. बी.ए. तिला पाच वर्षे लागली होती, झाली होती. आता नातीच्या प्रवेशाची चौकशी करायला आली होती. रीतसर कॉलेजच्या प्रवेशाची, आमच्या नव्हे. केस पांढरे झालेले. उभे राहून झाले तेव्हा तिने मला विचारले, "सर, हे कोण होते?" मी सांगितले, आपले पहिले कुलगुरू. आपल्या पुस्तकांची पद्धत, पूर्वतयारी, हे सगळे त्यांच्या वेळचे. ती म्हणाली, "मंग पुस्तकावर नाव का न्हाई?"

आमच्या कपाटात विद्यार्थ्यांनी परत दिलेली जुनी पुस्तके एका खणात अजून आहेत. मी किल्ली मागितली. कपाट जरा लाथ मारून उघडावे लागते. अगदी सुरुवातीच्या छपाईचे एक पुस्तक काढले, आतले दुसरे पान उघडले आणि तिच्यापुढे धरले. लेखक, संपादक, अनुदेशन तंत्र, मुद्रक. आणि सगळ्यांच्या वर, बारीक टायपात, 'कुलगुरू: डॉ. राम ताकवले'.

तिने चष्मा काढून लावला. नावावर बोट ठेवून वाचले.

"हाय की," म्हणाली. मग पुस्तक उलटून पाहिले, मागचे पान, पुढचे पान, आणि समासात कोणाचे काही लिहिलेले आहे का ते बघत उभी राहिली. चहा आला होता.